व्हिडिओवर बघून लकव्याचं इंजेक्शन देतात का? मी "इंदूरला आण" म्हटलं

रामबागवाली

नमस्कार. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

माझे मामा सनावदचे, वय ६४. सगळा जन्म मिरचीच्या दलालीत गेला. बेडियाच्या मंडीत बसल्या जागी पोत्यांचा हिशेब तोंडी करायचे, कॅल्क्युलेटर कधी हातात धरला नाही. फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी सव्वासहाला मामींनी चहा दिला तेव्हा पेपरमधलं काहीतरी वाचून दाखवत होते. पावणेसातला तोंड धुताना हातातून तांब्या सुटला. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, शब्द फुटेना.

मामेभावाने, म्हणजे दादाने, साडेसातला त्यांना तिकडच्याच एका रुग्णालयात नेलं. तिथे सीटी झालं. मग तिथल्या डॉक्टरांनी मोबाईलवर इंदूरच्या न्यूरोवाल्या डॉक्टरांना व्हिडिओवर घेतलं. त्यांनी मामांना दहाएक मिनिटं तपासलं आणि म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आत्ता इथेच देऊ, सही करा. दादा घाबरला. त्याने मला फोन केला, ८:२० ला. ती नोंद माझ्या फोनमध्ये अजून आहे.

मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते: "फोनवर बघून कुणी मेंदूचं इंजेक्शन देतं का? सही करू नकोस. इंदूरला आण."

रस्ता बडवाहपर्यंत बरा होता. पुढे भेरूघाटात ट्रक आडवा. इंदूरला पोचले तेव्हा १२:१० झाले होते. इथले डॉक्टर म्हणाले, साडेचार तास उलटून गेले, आता इंजेक्शन नाही. मोठी नस बंद नव्हती, त्यामुळे तार घालून गुठळी काढायचाही प्रश्न नव्हता.

आता मामा काठी घेऊन चालतात. उजवा हात तसाच. बोलण्यात एकच शब्द उरलाय, "अठरा". पाणी हवं तरी अठरा, राग आला तरी अठरा.

माझा प्रश्न साधा आहे. हे व्हिडिओवरून उपचार ठरवणं, यावर खरोखर अभ्यास झालाय का, की डॉक्टर नाहीत म्हणून केलेली तडजोड आहे? "ताई, मनाला लावून घेऊ नका" असं कृपया कुणी लिहू नका. ते घरात रोज ऐकते.

जुनी_इंदूरचे_काका

तुम्ही केलंत तेच बरोबर. माझ्या चुलतबहिणीला हेच इंजेक्शन दिलं, तेही मोठ्या शहरात, समोर बसलेल्या डॉक्टरांनी. दुसऱ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव. चार दिवसांत गेली. मग छोट्या गावात, मोबाईलच्या भरवशावर? माझी तर छाती झाली नसती.

निमाडातला_एमडी

ताई, त्या व्हिडिओच्या अलीकडच्या टोकाला मीच असतो, म्हणून लिहितो. तुमच्या मामांकडे नव्हे, दुसरीकडे. एमडी मेडिसिन, निमाडातलं पन्नास खाटांचं रुग्णालय. घर इंदूरला, लोकमान्यनगरात. शनिवारी घरी येतो, त्यामुळे भेरूघाटातले ट्रक माझ्याही ओळखीचे आहेत.

"फोनवर बघून" म्हणजे काय, ते आधी सांगतो. घरच्यांना आम्ही हे समजावत बसत नाही, तेवढा वेळच नसतो. मोबाईल सलाईनच्या स्टँडला चिकटपट्टीने बांधतो. (आमच्याकडे कॅमेऱ्याची भारी ट्रॉलीही आली होती. तिच्यावर हल्ली सिस्टर लोकांचे स्वेटर असतात.) पलीकडून न्यूरोवाले सांगतात तसं मी करतो. डोळे दोन्हीकडे वळतात का, हात उचलून दहा आकडे धरवतो का, पाय पाच आकडे धरवतो का, टाचणी दोन्हीकडे सारखी टोचते का, दाखवलेल्या वस्तूचं नाव येतं का. प्रत्येकाला गुण. बेरीज शून्य ते ४२, जितकी जास्त तितकं वाईट. यात न्यूरोलॉजिस्टच्या हातांची गरज पडत नाही, डोळ्यांची पडते, आणि ते कॅमेऱ्यातून येतात. बीपी १८५/११० च्या खाली आणल्याशिवाय इंजेक्शन नाही. साखर फार उतरली तरी माणूस हुबेहूब लकव्यासारखा दिसतो, म्हणून बोटाला आधी टोचतो. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे विचारतो. आणि सीटी. ती नसेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ, कारण नस फुटली की अडली हे बाहेरून कुणालाच कळत नाही, एम्सच्या प्रोफेसरांनाही नाही.

सगळ्यात जास्त वेळ एका प्रश्नात जातो: शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? घड्याळ तिथून धरतात, पडले तिथून नाही. तुमच्या मामींना चहाची वेळ नेमकी आठवली म्हणून गोष्ट इंजेक्शनपर्यंत आली तरी. आमच्याकडे बहुतेक वेळा उत्तर येतं, "सुबह से ऐसे ही हैं."

आता अभ्यास. इंजेक्शनचा पाया १९९५ चा, अमेरिकेतला एनआयएनडीएस नावाचा अभ्यास. ६२४ रुग्ण, तीन तासांच्या आत अल्टेप्लेज, म्हणजे हेच गुठळी विरघळवायचं औषध. तीन महिन्यांनी शंभरातले ३९ जवळजवळ पूर्ववत झाले होते, ज्यांना औषध नव्हतं त्यांच्यात २६. पुढे २००८ च्या युरोपातल्या अभ्यासाने मुदत साडेचार तासांवर नेली. तुमचे साडेचार तास तिथून आले.

व्हिडिओचा थेट प्रश्नही २००८ मध्येच सुटला. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या लोकांनी २२२ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटात तज्ज्ञ व्हिडिओवर रुग्ण बघणार, दुसऱ्या गटात नुसतं टेलिफोनवर ऐकून सांगणार. नंतर सगळे कागद तपासून पाहिलं की इंजेक्शन द्यायचा किंवा न द्यायचा निर्णय बरोबर होता का. व्हिडिओवर ९८ टक्के बरोबर, टेलिफोनवर ८२. मात्र तीन महिन्यांनंतर रुग्णांच्या स्थितीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. व्हिडिओ विकणारे हे शेवटचं वाक्य गाळतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मला जास्त पटतो तो जर्मनीतल्या बव्हेरियाचा प्रयोग. २००३ पासून म्युनिक आणि रेगेन्सबर्गची दोन मोठी केंद्रं बारा छोट्या रुग्णालयांना जोडली. पण त्यांनी नुसता कॅमेरा लावला नाही. प्रत्येक ठिकाणी लकव्यासाठी वेगळा वॉर्ड केला, सिस्टरना शिकवलं, गिळता येतं की नाही हे तपासल्याशिवाय पाणी पाजायचं नाही अशा सवयी लावल्या. मग जोडणी असलेली पाच रुग्णालयं आणि नसलेली पाच यांची तुलना केली. तीन महिन्यांनी वाईट अवस्थेत राहिलेले जोडणी असलेल्यांत ४४ टक्के, नसलेल्यांत ५४ टक्के. हा दहा टक्क्यांचा फरक कॅमेऱ्याचा किती आणि सिस्टरचा किती? माझं मत सिस्टरच्या बाजूने.

आणि हे फक्त जर्मनीत जमतं असंही नाही. हिमाचलमध्ये २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतले साधे फिजिशियन स्मार्टफोनवर सीटीचे फोटो पाठवत आणि तज्ज्ञ फोनवरून सांगत. तिथे इंजेक्शन सरकारने फुकट दिलं. पहिल्या अहवालात २६ रुग्ण होते. आकडा लहान आहे, पण त्यांचे घाट आपल्या भेरूघाटाला हसतील असे आहेत.

काका, तुमच्या बहिणीचं वाईट वाटलं. तो धोका खराच आहे. १९९५ च्या अभ्यासात इंजेक्शनवाल्यांत शंभरात सहा जणांना त्रासदायक रक्तस्राव झाला, बाकीच्यांत शंभरात एकालाही धड नाही. तरी तीन महिन्यांत एकूण मृत्यू इंजेक्शनवाल्यांत वाढले नाहीत: त्यांच्यात १७ टक्के, बाकीच्यांत २१ टक्के. जो रक्तस्रावाने जातो तो घरच्यांच्या डोळ्यांसमोर इंजेक्शनने जातो. जो इंजेक्शनवाचून अंथरुणाला खिळतो त्याला आपण नशीब म्हणतो.

ताई, तुमचा हिशेब. ८:२० ला सही झाली असती तर सव्वादोन तासांत औषध शरीरात गेलं असतं. म्हणजे वेळ होती, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं ते तडजोडीचं नव्हतं. पण २६ आणि ३९ मधलं अंतर १३ आहे. मामा त्या १३ मध्ये बसले असते की इंजेक्शन घेऊनही "अठरा"च म्हणाले असते, हे कुणीही सांगू शकत नाही. मीही नाही.

रामबागवाली

डॉक्टरसाहेब, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. दोन शंका. इंजेक्शन दिल्यावर नंतर इंदूरला आणता आलं असतं का? दादाला वाटलं होतं की सही केली म्हणजे तिथेच अडकलो. आणि पलीकडच्या डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं तर जबाबदारी कुणाची?

निमाडातला_एमडी

आणता आलं असतं. इंजेक्शन लावा आणि पाठवा, ही जगभरची रीत आहे. दादाला ती कुणी सांगितली नाही, आणि ही चूक आमच्या बाजूची. सहीचा कागद पुढे करताना आम्ही रक्तस्राव सांगतो, "इसके बाद इंदौर ही भेजेंगे" हे सांगायचं राहून जातं. मी परवापासून आधी तेच वाक्य म्हणायला लागलोय. अल्टेप्लेज थोडं एकदम आणि उरलेलं तासभर पंपावर द्यावं लागतं, रस्त्यात ते सांभाळणं कटकटीचं. टेनेक्टेप्लेज, म्हणजे त्याच कामाचं दुसरं औषध, एकाच दमात देऊन होतं. कॅनडातल्या २०२२ च्या अभ्यासात ते अल्टेप्लेजपेक्षा कमी पडलं नाही.

जबाबदारी माझी, म्हणजे खाटेजवळच्या डॉक्टरची. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत तसं स्पष्ट आहे: दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेता येतो, पण रुग्ण ज्याचा त्याचाच राहतो.

जुनी_इंदूरचे_काका

हा मृत्यूंचा आकडा मला कुणी सांगितला नव्हता. तरी सही करताना हात थरथरेलच.

निमाडातला_एमडी

थरथरू दे, काका. माझाही थरथरतो.

एक काम सगळ्यांनीच करा. ज्यांचे आईवडील, मामा-काका गावी आहेत त्यांनी आजच जवळच्या रुग्णालयांत फोन करून दोनच गोष्टी विचारा: रात्री सीटी चालू असतं का, आणि लकव्याचं इंजेक्शन फ्रिजमध्ये आहे का. "न्यूरो आहेत का" हे नंतर. पाटी बघून ठरवू नका.

रामबागवाली

दादाने काल संध्याकाळी फोन केले. पहिल्या ठिकाणी, "सीटी वाला सात बजे चला जाता है, इमरजेंसी हो तो घर से बुलाते हैं." घर किती लांब, तर पंधरा मिनिटं. दुसऱ्या ठिकाणी सीटी रात्रभर चालू, पण इंजेक्शन मागवावं लागतं. तिसरं रुग्णालय म्हणजे जिथे मामांना नेलं होतं तेच. तिथे दोन्ही आहे. फोनवर तेच डॉक्टर होते, त्यांनी दादाला ओळखलं आणि विचारलं, बाबूजी कसे आहेत.

मामींच्या फ्रिजवर तो नंबर लावलाय. मामींचं बीपी १६० असतं.