बाईचा आवाज, यंत्राचा ठेका: तुमचे अनुभव लिहा

७ जून २०२४ ला दोन अल्बम एकाच दिवशी आले. ब्रिटिश गायिका चार्ली एक्ससीएक्सचा ‘ब्रॅट’ आणि कोरियन डीजे-गायिका पेगी गूचा पहिलावहिला ‘आय हिअर यू’. तेव्हापासून गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना माझ्या कानात दुसरं फारसं काही वाजलेलं नाही. ‘ब्रॅट’ला पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन ग्रॅमी मिळाली, पण मला तो धरून राहिला त्याचं कारण वेगळं. क्लबच्या धडधडत्या गाण्यांच्या मधोमध चार्ली सांगते की मूल हवं की नको हा विचार डोक्यातून जात नाही. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली. हळदीकुंकवाला ‘काय गं, गोड बातमी कधी?’ सगळ्या विचारतात, पण ‘तुला काय वाटतं?’ असं अजून एकीनेही विचारलेलं नाही. ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली चादर तशीच धरून उभी राहिले होते.

यंत्राच्या ठेक्यावर बाईने गायलेलं असं नाचाचं संगीत ऐकणारे नाशिकमध्ये आणखी कोण आहेत? कुठे सापडलं, कधी नाचलात, घरचे काय म्हणाले, मोकळेपणाने लिहा.

सिडकोतून, वय २२

ताई, मी ढोलपथकात आहे. गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी सराव असतो. घरी परतताना दंड भरून आलेले असतात आणि मी कॉन्फिडन्स मॅन लावते. हा ऑस्ट्रेलियातला, मूळचा ब्रिस्बेनचा बँड, पुढे उभी राहून गाते ती जॅनेट प्लॅनेट. ऑक्टोबर २०२४ चा त्यांचा ‘३ एएम (ला ला ला)’ हा अल्बम मला तोंडपाठ आहे.

मैत्रिणी म्हणतात, ढोल वाजवणारीला हे कसं आवडतं? मला तर दोन्हीकडे तेच सापडतं. आमच्याकडे मधेच सगळे ढोल थांबतात, ताशे एकटे कडकडत राहतात. बघणारे श्वास धरतात. मग टोलाचा इशारा होतो आणि सगळे ढोल एकदम पडतात. या गाण्यांतही खालचा ठोका काढून घेतात, वर तिचा आवाज एकटा ठेवतात आणि ठोका परत आणतात. पोटात जे होतं ते अगदी तेच. फरक एवढाच की आमची लय शेवटी चढत जाते. यंत्राची लय, मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, जिथे बांधली तिथेच राहते. पहिल्यांदा मला ते निर्जीव वाटलं होतं. आता वाटतं, ठेका हलत नाही म्हणूनच ती त्यावर पाय रोवून हवं ते बोलू शकते.

सातपूरहून

कारखान्यात सीएनसी मशीनवर रात्रपाळी करतो. पाळी सुटली की बसमध्ये पेगी गू. ती काही गाणी कोरियनमध्ये गाते, एक अक्षर कळत नाही, तरी झोप येत नाही. मराठीत कुणी असं का करत नाही, हा प्रश्न रोज पडतो.

देवळाली कॅम्पातून, निवृत्त शिक्षिका

मुलींनो, याची सुरुवात तुम्हाला वाटते त्यापेक्षा जुनी आहे. माझ्या भावाने आखातातून एक कॅसेट आणली होती, तीत अमेरिकन गायिका डोना समरचं १९७७ चं ‘आय फील लव्ह’ होतं. संगीत निर्माते जॉर्जिओ मोरोडर यांनी त्यातलं जवळजवळ सगळं मोग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या वाद्यावर, उभं केलं, तळाचा ठोका तेवढा माणसाने वाजवला. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. दार लावून, आवाज अगदी बारीक करून मी नाचायचे, कारण बाहेरच्या खोलीत वडील असत. गेल्या वर्षी नातीने तेच गाणं हॉलमध्ये मोठ्याने लावलं. मी उठले आणि तिच्याबरोबर नाचले. दार उघडं होतं.

पंचवटीहून

मी स्वतः वाजवते, म्हणून थोडं जास्त लिहिते. मला उभं केलं पीचेस या कॅनडाच्या गायिकेने. तिचा ‘द टीचेस ऑफ पीचेस’ हा अल्बम २००० चा आहे. आधी ही टोरोंटोत मुलांना संगीत आणि नाटक शिकवायची, म्हणजे देवळालीच्या मॅडमच्याच पेशातली. तिशी ओलांडल्यावर रोलँड कंपनीच्या एमसी-५०५ या ठेके बनवायच्या एका पेटीवर तिने एकटीने ठेके बांधले आणि शरीराबद्दल असं गायली की मी पहिल्यांदा ऐकताना खिडकी लावून घेतली होती. एक पेटी आणि एक बाई. वादकांचा ताफा नाही, निर्माता नाही. ते वाचल्यावर मी साठवलेल्या पैशातून गाणी मिसळायचा जुना कंट्रोलर घेतला.

एका लॉन्सवर संगीतचा कार्यक्रम होता. मी सगळं मांडून ठेवलं, तर यजमानांपैकी एक काका विचारतात, “डीजे कधी येणार?” म्हटलं, मीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. स्पीकर उचलायला आलेल्या माझ्या भावाच्या हातात वायरी दिल्या आणि गाण्यांची यादीही त्यालाच दिली. भावाने ती यादी माझ्यापुढे ठेवली. त्या रात्री यादीतली गाणी संपल्यावर मी रॉबिन या स्वीडिश गायिकेचं गाणं लावलं. आधी नवरीच्या मावश्या उठल्या, मग आजी, मग स्वयंपाकघरातल्या दोघी पदर खोचून आल्या. सव्वाअकराला बंद करावं लागलं, तरी कुणी जागचं हलेना.

सिडकोतून, पुन्हा मीच

पंचवटीच्या ताई, आमच्या पथकातल्या सोळाजणींना तुमचं वाजवणं ऐकायचं आहे. रविवारी सराव पाचला संपतो. स्पीकर आम्ही उचलू.