'चांद्र नववर्ष' की चांद्र-सौर?

शब्दखुळा : चिनी नववर्षाला सगळी वर्तमानपत्रं 'चांद्र नववर्ष' म्हणतात. निव्वळ चांद्र असतं, तर हिजरी सनासारखं दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरलं असतं. हे तर जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारी सोडून कुठे जात नाही. शब्द चुकतोय का?

तिथीवाला : अर्धा. महिना चंद्राचा, पण वर्षाला लगाम सूर्याचा. 'चांद्र-सौर' हा आपल्या पंचांगाचाच शब्द तिथे चपखल बसतो. पण चिनी लोकही बोलताना 'यिन-ली' म्हणतात आणि त्यातलं यिन म्हणजे चंद्राची बाजू! दुसरा रोजचा शब्द 'नोंग-ली', म्हणजे शेतीचं पंचांग. आता शेती काही तिथीवर होत नाही. ती 24 'ज्ये-छीं'वर होते. सूर्य 15 अंश पुढे गेला की एक ज्ये-छी. 5-6 मार्चच्या ज्ये-छीचं नाव 'चिंग-चे', जमिनीतले किडे दचकून जागे होतात ती वेळ. आपला शेतकरी तरी तिथी कुठे विचारतो? मृग लागला का, ते विचारतो.

शब्दखुळा : मग ज्ये-छीला 'नक्षत्र' चालेल?

तिथीवाला : नको. नक्षत्र म्हटलं की तारे आले. ज्ये-छी संपातापासून मोजतात, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या बिंदूपासून. मात्र त्यातल्या एकाआड एक 12 'चोंग-छीं'ना मी बिनधास्त 'सायन संक्रांत' म्हणेन. ज्या महिन्यात चोंग-छी नाही तो अधिक. आपल्याकडेही संक्रांत नसलेला महिना अधिक, सूत्र ओळखीचं वाटतंय ना? (त्यांची एक जादा अट आहे : दोन हिवाळी अयनदिनांमध्ये 13 महिने बसत असतील तरच.)

गोदाकाठ : सूत्र एकच, तर 2025मध्ये त्यांचा अधिक आला आणि आपला नाही, असं का?

तिथीवाला : सायन-निरयनाचा फरक. सायन म्हणजे संपातापासून मोजलेलं, निरयन म्हणजे ताऱ्यांपासून; त्यांचं सायन, आपलं निरयन. त्यांचा अधिक सहावा महिना 25 जुलै ते 22 ऑगस्ट. आधीची चोंग-छी 22 जुलैला होऊन गेली, पुढची 23 ऑगस्टला, म्हणून मधला महिना कोरा. आपली सिंह संक्रांत 17 ऑगस्टला, म्हणजे त्या महिन्याच्या पोटातच. त्यामुळे त्याच चंद्राखाली आपण साधा श्रावण पाळला.

आणि भाषांतर करताना जपा. आपल्याकडे अधिक आधी, निज मागून. त्यांच्याकडे उलट : नेहमीचा सहावा होतो, मग 'रुन' सहावा. ही 'रुन'ची चित्रलिपी पाहण्यासारखी आहे, दाराच्या चौकटीत उभा राजा. जुन्या चिनी कोशात खुलासा आहे की अधिक महिन्यात राजा दारात राही. आपण त्याच महिन्याला मलमास म्हणून हिणवलं, आणि वर जावयाला अनारसे दिले.

गोदाकाठ : 'प्रतिपदा' हा शब्द तरी चालेल?

तिथीवाला : तिथेही अडतं. त्यांची पहिली तारीख म्हणजे चंद्र-सूर्य युतीचाच दिवस. 29 जानेवारी 2025ला तिकडे नववर्ष होतं, आपल्याकडे पौष अमावास्या. सरळ 'पहिला दिवस' लिहा.

परदेशी_पाहुणी : मी सिंगापुरात असते. 6 ऑक्टोबर 2025ला शेजारच्या आजी मूनकेक घेऊन आल्या. त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा आणि आमची कोजागरी त्या दिवशी एकत्र आली होती. त्यांना आटीव दूध दिलं. आदल्या वर्षी त्यांचा सण 17 सप्टेंबरला, आपल्या भाद्रपद पौर्णिमेला झाला होता. तेव्हा मी मूनकेक नुसताच खाल्ला. हा घोळ त्या अधिक सहाव्याचा, हे आज कळलं.