मदत हवी आहे: फोटोत लुगड्याचा हिरवा रंग गळ्यावर उतरतोय

मंडळी, आत्याच्या पंच्याहत्तरीला तिचं मोठं फोटो-पोर्ट्रेट करून द्यायचंय. आत्या म्हणजे गडद हिरवी इरकल आणि लाल पदर. हाच तिचा रंग, त्यामुळे कृष्णधवल किंवा फिकं केलेलं चित्र मला नकोच आहे.

अडचण अशी की खिडकीच्या उजेडात बसवलं की लुगड्याचा हिरवा हनुवटीखाली आणि गळ्यावर परावर्तित होतो. तिची सावळी कांती आजारी दिसते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवायची सेटिंग) ५५०० केल्विनला पक्का आहे, रंग तपासायचं ग्रे कार्डही वापरतो. टिंट (हिरवा-मजेंटा रंगांचा तोल) मजेंटाकडे सरकवला की गळा सुधारतो, पण कपाळ गुलाबी होतं आणि इरकलीचा तजेलाच जातो.

फ्रेमबाहेर, मांडीवर काळं कापड टाकून फरक पडेल का? की लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मास्कने फक्त गळ्याचा भाग निवडून टिंट बदलू? मागची पिस्ता रंगाची भिंतही झाकायचीय. गेरूचा पडदा सुचतोय, पण आत्या करारी बाई आहे. त्या उबदार रंगाने ती उगाच मवाळ दिसेल असं वाटतं. राखाडी बरा का?

सावळ्या कांतीची पोर्ट्रेट काढणाऱ्यांनी जरूर सांगा. शक्य असेल तर आधीचा-नंतरचा फोटोही टाका.