मदत हवी आहे: अमेरिकेत फ्लाइट रिव्ह्यू करावा की विंग्ज?

गगनबावडा

राहणार न्यू जर्सी. प्रायव्हेट पायलट, एकूण १४० तास, क्लबचे सेसना १७२एस. शेवटचा फ्लाइट रिव्ह्यू (इन्स्ट्रक्टरसोबतची ठरावीक मुदतीची सक्तीची उजळणी) १२ नोव्हेंबर २०२३ ला झाला. गेले सात महिने उड्डाण नाही. माहितगारांना तीन प्रश्न:

१. मुदत १२ नोव्हेंबर २०२५ ला संपते की महिनाअखेर?
२. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या) विंग्ज या सुरक्षा-सराव कार्यक्रमाचा टप्पा पूर्ण केला तर रिव्ह्यू लागत नाही म्हणतात. क्रेडिट नेमके कसे मिळते?
३. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास घरच्यांना फ्रेडरिक, मेरीलँडला न्यायचे आहे. आणखी काय लागेल? वय ४३, तिसऱ्या वर्गाचे मेडिकल (आरोग्य प्रमाणपत्र) ३९व्या वर्षी काढलेले.

धावपट्टी२७

रिव्ह्यू २४ कॅलेंडर महिन्यांचा असतो, म्हणजे तुमची मुदत ३० नोव्हेंबरला संपते. १ डिसेंबरपासून तुम्ही पायलट इन कमांड (विमानाचे जबाबदार पायलट) होऊ शकत नाही, एकटे उडत असलात तरी. मुदत संपल्यावर रिव्ह्यू केलात, तर त्या उड्डाणात कमांड इन्स्ट्रक्टरकडे असते. कमांड कोणाकडे, हे इंजिन सुरू करण्याआधीच बोलून घ्या.

रिव्ह्यूत नापास असा प्रकार नाही. किमान १ तास जमिनीवर (त्यात भाग ९१ चे, म्हणजे सर्वसाधारण उड्डाणांचे नियम आलेच) आणि १ तास हवेत. समाधान झाले नाही तर इन्स्ट्रक्टर फक्त शिकवणीचे तास लिहितो, रिव्ह्यूची सही करत नाही. त्यामुळे 'एका तासात उरकू' म्हणणाऱ्याला दुसरी खेप पडते.

मेडिकल: तपासणीच्या दिवशी वय ४० च्या आत असेल तर ते ६० कॅलेंडर महिने चालते. तुमचे अजून चालू आहे. पुढचे मात्र २४ महिन्यांचे. तेव्हा बेसिकमेडचाही (नेहमीच्या मेडिकलला पर्याय) विचार करा: डॉक्टरची तपासणी ४८ महिन्यांतून एकदा, ऑनलाइन कोर्स २४ महिन्यांतून एकदा.

प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत त्याच श्रेणीच्या आणि वर्गाच्या विमानात तीन टेक-ऑफ, तीन लँडिंग हवीत. इन्स्ट्रक्टर शेजारी असताना केलेली चालतात, पण कंट्रोल्स पूर्णवेळ तुमच्याच हातात हवेत. थंडीत लोक फसतात ते रात्रीच्या नियमात. इथे न्यू जर्सीत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेचारलाच मावळतो. सूर्यास्तानंतर एक तासाने, म्हणजे साडेपाचनंतर प्रवासी घेऊन उतरायचे तर तीन पूर्ण थांबून केलेली रात्रीची लँडिंग लागतात, टच-अँड-गो (टेकून लगेच पुन्हा उडणे) नव्हे. (विमानाचे दिवे लावायचे सूर्यास्तापासून, लॉगबुकातली रात्र संधिप्रकाश संपल्यापासून आणि ही प्रवाशांची रात्र त्याहून वेगळी. एका संध्याकाळी तीन रात्री!)

खारा_वारा

विंग्जबद्दल. बेसिक टप्प्याला ज्ञानाची ३ आणि उड्डाणाची ३ क्रेडिट लागतात. टप्पा पुरा झाला की त्या तारखेपासून २४ कॅलेंडर महिने रिव्ह्यूची गरज नाही. इथे तासांचे बंधन नाही. काम चेकराइडच्या (परवान्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या) मापाने जमायला हवे.

एफएएच्या सेफ्टी साइटवर खाते काढा. ज्ञानाची क्रेडिट ऑनलाइन कोर्स, वेबिनार किंवा सेमिनारमधून मिळतात. उड्डाणाची तुम्ही स्वतः मागायची: अ‍ॅक्टिव्हिटी निवडा, इन्स्ट्रक्टरचे नाव टाका, मग तो त्याच्या खात्यातून मंजूर करतो.

अडते कुठे, तर:

- वेबिनारला एका ईमेलने नोंदणी आणि खाते दुसऱ्या ईमेलवर. क्रेडिट जमाच होत नाही.
- इन्स्ट्रक्टरने लॉगबुकात लिहिले, साइटवर मंजूर केले नाही. विमानतळ सोडण्याआधी फोनवरूनच करून घ्या.
- तीनही क्रेडिट एकाच विषयाची घेतली. साइट विषयवार रिकाम्या जागा दाखवते, त्यात बसेल तेच घ्यायचे.
- क्रेडिट १२ महिन्यांनी गळते. वर्षभर रेंगाळलात तर सहावे मिळेपर्यंत पहिले गेलेले असते.

३० तारखेच्या आत टप्पा पुरा होत नसेल तर आधी साधा रिव्ह्यू करून घ्या आणि तीच उड्डाणे विंग्जलाही लावा. हे किंवा ते असे काही नाही.

काटकोन

कागद झाले, आता हाताचे बघू. सात महिन्यांत सगळ्यात आधी गंजते ते लँडिंग, आणि त्यातही वेग. १७२एसचा शॉर्ट फील्ड (आखूड धावपट्टीवर उतरण्याचा) वेग पूर्ण फ्लॅप्सवर (पंखांमागच्या खाली येणाऱ्या पट्ट्या) ६१ नॉट. सवय सुटलेला माणूस भीतीपोटी ७० ठेवतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ३२ टक्के जास्त. विमान तरंगत राहते, धावपट्टी संपत येते, मग नाक दाबून उतरवले जाते. पुढचे चाक आधी टेकते, विमान उसळते आणि दुसऱ्या-तिसऱ्या उसळीत फायरवॉल (इंजिनामागची भिंत) वाकते. पहिल्याच उसळीला गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणे).

तोही गंजलेला असतो. पूर्ण पॉवर देताच लँडिंगसाठी लावलेल्या ट्रिममुळे (कंट्रोलवरचा जोर कमी करणारी जुळणी) नाक झपकन वर येते आणि डावीकडे ओढते. पुढे रेटायला बराच जोर आणि उजवा रडर, दोन्ही एकदम. फ्लॅप्स आधी २० अंशांवर, वेग ६० नॉट, मग १० अंश, अडथळे पार झाल्यावर शून्य. सगळे एकदम उचलले तर विमान खाली बसते.

बेसवर (उतरण्याआधीचा धावपट्टीला आडवा टप्पा) पाठवारा असला की फायनलची (धावपट्टीच्या सरळ दिशेची) रेषा ओलांडली जाते. तिथे आतल्या बाजूचा रडर देऊन नाक ओढू नका. बँक (विमानाचा कल) वाढते म्हणून हात उलटा एलरॉन देतो, विमान स्किड होते (बाहेर घसरते) आणि आतला पंख आधी स्टॉल होतो (उचल गमावतो). ५०० फुटांवर स्पिनमधून निघायला जागा नाही. समपातळीच्या वळणात ४५ अंशांना स्टॉलचा वेग १.१९ पट, ६० ला १.४१ पट. ३० अंश बँकेत वळण जमत नसेल तर सोडून द्या, पुन्हा फेरी मारा.

मी तीन उड्डाणांत वाटून घेईन. पहिले ३,००० फुटांवर: स्लो फ्लाइट, स्टॉल, स्टीप टर्न, इंजिन बंद पडल्याचा सराव (आधी ६८ नॉट, मग शेतजमीन शोधणे, त्यानंतर इंधन आणि पंप). दुसरे सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांत), मुद्दाम आडव्या वाऱ्याच्या दिवशी, निदान दोन गो-अराउंडसह. तिसरे लांबचे: मध्येच दुसऱ्या विमानतळाकडे वळणे आणि २० मिनिटे हूडखाली (बाहेरचे दिसू न देणारी टोपी घालून, फक्त उपकरणे बघून). ढगात शिरल्यावर मागे फिरण्याचा सराव हूडखालीच होतो: स्टँडर्ड रेटने सेकंदाला ३ अंश, १८० ला एक मिनिट. १०० नॉटला साधारण १५ अंश बँक पुरते.

धावपट्टी२७

फ्रेडरिक राहिलेच. वॉशिंग्टनच्या डीसीए व्हीओआरपासून (दिशादर्शक रेडिओ केंद्र) ६० नॉटिकल मैलांत व्हीएफआर (बाहेर बघून, दृश्य नियमांनी) उडायचे तर खास जागरूकता प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्याच सेफ्टी साइटवर, एकदाच करायचे. प्रमाणपत्र मागितल्यास दाखवावे लागते, छापून बॅगेत ठेवा.

गगनबावडा

सर्वांचे आभार. काटकोन, तीन उड्डाणांचा क्रम तसाच घेतो. तिसरे संध्याकाळी ठेवून त्यातच रात्रीची तीन लँडिंग केली तर?

काटकोन

चालेल, पण हूड आधी, उजेड असताना. आणि तिन्ही वेळा पूर्ण थांबून, टॅक्सी करत परत या.