परदेश पाहिल्यावर आपला देश नीट दिसतो का?

धागाकर्ता: माझ्या मते बाहेर पडल्याशिवाय आपला देश कळतच नाही. जर्मनीतल्या मेट्रोचंच बघा. फलाटावर अडवणारं फाटक नाही. तिकीट काढा, लागेल तिथे यंत्रात शिक्का मारा, चढा. लोक फुकट का जात नाहीत, हा प्रश्न तिथे पडतो. मग आपल्याकडे फाटकं का लागतात, हा दुसरा. तो घरबसल्या कधी पडला नसता.

प्रतिसाद १: साफ असहमत. फाटक नाही म्हणजे विश्वास आहे, हा निष्कर्ष घाईचा. साध्या कपड्यांतले तपासनीस मधेच चढतात आणि विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड होतो. बर्लिनमध्ये तिकीट खिशात असून शिक्का नसेल, तरी तेवढाच. आठ दिवसांच्या पाहुण्याला फलाट दिसतो, तपासणी दिसत नाही, आणि तो 'आपले लोकच तसे' म्हणत परततो. नेदरलँड्सच्या सायकलींचंही तेच. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं. आईबापांनी आंदोलन केलं, १९७३ ची तेलटंचाई आली, तेव्हा कुठे धोरण मोटारींकडून सायकलींकडे वळलं. तो स्वभाव नव्हे, भांडून मिळवलेली गोष्ट आहे.

धागाकर्ता: हे मान्य. पण आधी तो रस्ता पाहिला नसता, तर त्याचा इतिहास शोधावासा तरी वाटला असता का?

प्रतिसाद २: किमतींच्या तुलनेतही हीच गफलत होते. विनिमय दराने गुणून 'तिकडे केस कापणं किती महाग' म्हणू नका. केस कापणं आयात करता येत नाही, त्यामुळे त्याची किंमत तिथल्या मजुरीवर ठरते. फोन मात्र जगभर साधारण त्याच भावात मिळतो. तिथल्या साध्या कामगाराला त्यासाठी किती तास राबावं लागतं ते काढा आणि तोच हिशेब घरी करा. खरा फरक तिथे कळतो.

प्रतिसाद १: आणि परतल्या परतल्या मत बनवू नका. गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्येच दाखवलं होतं की, परदेशात रुळताना मन एकदा खचतं, तसं घरी आल्यावर पुन्हा खचतं. त्या दिवसांत सगळंच खुपतं.

धागाकर्ता: मी उलट सांगेन. निकाल हवा तर सहा महिन्यांनी द्या, पण नोंदी पहिल्या आठवड्यातच करा: कुठला आवाज खुपला, रांग कुठे मोडली, कुठल्या अर्जावर तीच माहिती तीनदा लिहावी लागली. महिनाभरात डोळे सरावतात, मग यातलं काहीच दिसत नाही.