बँक्सची सेव्ह सर्वोत्तम? मला नाही पटत

तिरकापास
फुटबॉल विश्वचषक आला की सर्वोत्तम सेव्हची, म्हणजे गोलकीपरनं अडवलेल्या चेंडूंची, तीच यादी फिरते आणि पहिल्या नंबरवर तीच सेव्ह. ७ जून १९७०, ग्वादलहारा, इंग्लंड विरुद्ध ब्राझील. उजवीकडून जैरझिन्योचा क्रॉस, पेलेनं जमिनीकडे मारलेलं हेडर आणि इंग्लंडचा गोलकीपर गॉर्डन बँक्सनं बारवरून उडवलेला चेंडू. डोळे दिपतात, मान्य. पण निकाल? दुसऱ्या हाफमध्ये त्याच जैरझिन्योनं गोल मारला, ब्राझील १-०. मग अडवून हाती काय लागलं?

माझं मत अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्तिनेझला. १८ डिसेंबर २०२२, लुसैल, विश्वचषकाची फायनल, ३-३, १२३वं मिनिट, फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर. मार्तिनेझनं डावा पाय लांबवला नसता तर पेनल्टी शूटआउट झालंच नसतं आणि कप फ्रान्सला गेला असता. सेव्हनं वाचवलं काय, त्यावर तिची किंमत. बोला.

जुनाजाणता
या हिशेबानं १९९९ साली चेन्नईत सचिननं पाकिस्तानविरुद्ध केलेल्या १३६ पण खोडून टाका. आपण १२ धावांनी हरलोच होतो की.

तिरकापास
क्रिकेट मध्ये आणलंत म्हणजे मुद्दा संपला तुमचा. आणि खोडा कोण म्हणतंय? पहिल्या नंबरवरून खाली आणा म्हणतोय.

पेठेतला_गोली
बारा वर्षं गोलात उभा राहिलोय, कोल्हापुरात, म्हणून जरा लांबण लावतो.

हेडर सरळ अंगावर आलं तर हात आपोआप जातो. टप्पा पाडून मारलं की बोंब. चेंडू खाली जाताना तुम्ही हात खाली नेता आणि टप्पा पडल्यावर तो वर उसळतो. आमच्याकडं पावसाळ्यात गांधी मैदानात उलटं व्हायचं. चिखलात चेंडू उसळायचाच नाही, घसरून पोटाखालनं आत. एकदा असाच गेला आणि चहाच्या गाड्यावर पुढचा महिनाभर मला 'बोगदा' म्हणत होते.

आता बँक्सकडं बघा. क्रॉस निघाला तेव्हा गडी दुसऱ्या पोस्टजवळ. सगळा गोल ओलांडून उजवीकडं जायचं, तेही जाता जाता मागं झेपावत. भर दुपारची मॅच, कडक मैदान, टप्पा उंच. नुसता हात लावला असता तर चेंडू आत तरी गेला असता नाहीतर परत पेलेच्या पायात पडला असता. त्यानं उसळत्या चेंडूखाली हात घालून वर काढला. हे मी नेटमध्ये शंभरदा करून बघितलंय. जमत नाही.

मार्तिनेझनं काय केलं? दोन पावलं पुढं आला, अंग पसरलं, कोन कमी केला. छानच केलं, पण ते रोजच्या सरावातलं. वर निम्मं श्रेय कोलो मुआनीचं. एम्बापे मोकळा होता, त्याला पास दिला असता तर विषय कट.

तिरकापास
बोगद्याबद्दल सहानुभूती 😄 पण रोजच्या सरावातलं म्हणून कमी कसं? दोन तास खेळून झालेत, ७८व्या मिनिटापर्यंत २-० पुढे होतो ती आघाडी गेली, परत घेतलेली तीही गेली, सगळा देश डोक्यावर. अशा वेळी लवकर खाली न बसता उभं राहायचं आणि सरावातलंच करायचं, हे जमायला हवं ना?

मडगावकर
तुम्हा दोघांच्याही हिरोंना कॅमेरा मिळाला, हे विसरू नका. १९७०चा विश्वचषक तर रंगीत टीव्हीवर दिसलेला पहिलाच. आमच्या गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या झेपा कुठे बघायच्या? साळगावकर क्लबकडून खेळले, भारताचे कर्णधार झाले, २०२२ साली पद्मश्री मिळाली. झेपा मात्र फक्त बाबांच्या तोंडून ऐकल्यात, आणि दरवेळी त्या हातभर लांब होतात.

आणि भारताचा गोलकीपर गुरप्रीत? १० सप्टेंबर २०१९, दोहा, विश्वचषक पात्रता फेरी. समोर आशियाई विजेता कतार, त्यांचंच मैदान, आपला छेत्री आजारी. गोलावर नुसता भडिमार चालला होता आणि मॅच ०-०. पुढे आपण पात्र ठरलो नाही, म्हणजे तिरकापास यांच्या तराजूत वजन शून्य. मला ती रात्र अजून आठवते. शेवटची दहा मिनिटं मी खुर्चीमागे उभा राहून बघितली.

ऑफसाइड_आजोबा
वाचवलं काय, एवढंच मोजायचं तर जगातली सर्वोत्तम सेव्ह लुईस सुआरेझची. २ जुलै २०१०, घानाविरुद्ध, जादा वेळेचं शेवटचं मिनिट, गोलरेषेवर दोन्ही हातांनी. लाल कार्ड घेतलं, घानाच्या ग्यानची पेनल्टी बारला लागली, उरुग्वे शूटआउटमध्ये उपांत्य फेरीत. मार्तिनेझनं पाय वापरला, यानं निदान हात तरी वापरले.

तिरकापास
आजोबा, तो गोलकीपर नव्हता!

ऑफसाइड_आजोबा
ही अट तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये नव्हती.

तिरकापास
बरं, आता घालतो. पण निकाल आणि अवघडपणा दोन्ही हवं असेल तर स्पेनचा गोलकीपर कासियास घ्या. त्याच विश्वचषकाची फायनल, जोहान्सबर्ग, ०-०. नेदरलँड्सच्या स्नायडरचा पास, रॉबेन एकटा. कासियासच्या उजव्या बुटाचं टोक लागलं आणि चेंडू बाहेर. पुढे ११६व्या मिनिटाला इनिएस्ताचा गोल, कप स्पेनचा.

पेठेतला_गोली
बघा की परत एकदा. कासियासची झेप दुसऱ्या बाजूला गेली होती. फसला होता तो. मागं राहिलेला पाय चेंडूला गावला, एवढंच. आम्ही त्याला देव आला म्हणतो, सेव्ह नाही.

जुनाजाणता
गोली, हे जरा जास्त होतंय. मी तुमच्याच बाजूचा आहे, पण पाय हवेत तसा ठेवणं हेही कसबच.

पेठेतला_गोली
असेल. तिरकापास, तुम्ही एखाद्या रविवारी सकाळी या कोल्हापूरला. पन्नास हेडर टप्पा पाडून मारायला लावतो पोरांना. पाच अडवा, मी बँक्सला खाली आणतो.

तिरकापास
येतो. ग्लोव्ह्ज माझे आणू?

पेठेतला_गोली
नको. बुटाचं टोक आणा, भागेल.