मदत हवी आहे: चिनी फुलदाणीचं सोनेरी कोंदण हलतंय

सेलाडॉन (फिकट हिरवट) झिलईची चिनी फुलदाणी, उंची ३६ सेंमी. तोंडाला आणि बुडाला पॅरिसच्या धाटणीचं सोनेरी कोंदण. बुडाचं कडं हाताने फिरतं; आत गज आणि नट आहे. खाचांत हिरवी पूड. वरच्या कड्याखाली चिनी माती चक्क कापलेली दिसते. नट आवळू का? पितांबरी चालेल? काम अठराव्या शतकातलं की नंतरचं?

प्रतिसाद १
पितांबरी, ब्रासो, चिंच, लिंबू, काहीच नको. हे उघडं पितळ नव्हे. सोनं पाऱ्यात कालवून लावायचे आणि पारा आगीवर उडवायचे. उरतो तो थर काही मायक्रॉनचा. घासला की गेला. अमोनियावाला काचेचा क्लीनर तर तांबंच खातो.

पूड बांबूच्या काडीने, भिंगाखाली, कोरडीच काढा. मग अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य लिक्विड सोपचे २-३ थेंब, त्यात कापसाचा बोळा घट्ट पिळून फिरवा. नंतर नुसत्या पाण्याचा बोळा आणि लगेच कोरडं कापड. फुलदाणी बुडवू नका. कड्याखाली शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही, हिरवं तिथूनच धरतं.

प्रतिसाद २
नट बोटांनी अडेल इतकाच. पाना लावू नका. चिनी माती दाब सोसते, ताण नाही. जास्त आवळलं की भोकाभोवती चांदणीसारखी चीर जाते. मध्ये १ मिमी ईपीई फोमची (पॅकिंगमधला मऊ पॉलिथिलीन फोम) चकती घाला. एपॉक्सी किंवा प्लास्टर नको: पितळ चिनी मातीच्या तिप्पट तरी प्रसरतं. खोलण्याआधी कुठला नट कुठे, याचे फोटो काढा. आटे हाताने पाडलेले असतील तर एकाचा नट दुसऱ्याला बसणार नाही.

प्रतिसाद ३
कापलेल्या काठाने घाबरू नका. पॅरिसचे व्यापारी कोंदण बसावं म्हणून माना सर्रास कापत, बुडाला भोकं पाडत.

वय बघायचं तर कडं उलटं करा. पाऱ्याच्या मुलाम्यात सोनं बहुधा दर्शनी बाजूलाच; मागे तपकिरी धातू, कानसीचे ओरखडे आणि कडेवरून ओघळलेलं थोडं सोनं. आतबाहेर सारखंच पिवळं आणि आटे यंत्रासारखे एकसारखे असतील, तर विजेचा मुलामा, म्हणजे १८४० नंतरचा. अर्थात जुन्या कोंदणावरही पुढे कुणी तो चढवलेला असू शकतो.

प्रश्नकर्ता
मागे सोनं नाही, ओघळ आहेत. मुकुटाखाली ‘सी’ असा बारीक ठसाही सापडला.

प्रतिसाद ३
तो तांब्याच्या मिश्रधातूंवरच्या कराचा, १७४५ ते १७४९ मधला. पण नंतरच्या नकलांवरही मारलेला असतो. ठशाच्या खळग्यात भिंगाने बघा: सोनं खळग्यात उतरलंय (म्हणजे ठसा मुलाम्याआधीचा), की ठशाने फाटलंय (म्हणजे नंतरचा)?